टर्बो गाडीचे स्पार्क प्लग: निवडायचे कसे, बदलायचे कसे

बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवला, ट्यून (इंजिनाच्या संगणकाची बदललेली सेटिंग) टाकला आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी वरच्या गिअरमध्ये गचके खायला लागली, की बहुतेक जण थेट कॉइल (प्लगला उच्च व्होल्टेज पुरवणारा भाग) बदलतात. मग इंधन पंपावर संशय जातो, मग ट्यूनवर. प्लगचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. क्रम उलटा हवा, कारण प्लग स्वस्त असतो, हाताशी असतो आणि बाहेर काढला की इंजिनात काय चाललंय ते दाखवतो. हा लेख पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने हे काम करणाऱ्यांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. प्लग ताकद वाढवत नाही. ‘परफॉर्मन्स प्लग’ म्हणून विकला जाणारा कुठलाही प्लग ठणठणीत इंजिनाला जास्तीचे घोडे देत नाही. प्लग निवडताना दोनच प्रश्न सोडवायचे असतात: टोकावरची उष्णता किती वेगाने बाहेर जायला हवी आणि ठिणगीला किती फट ओलांडायला लावायची.

१. टर्बोमुळे नेमकं काय बदलतं

दोन इलेक्ट्रोडमधली हवा जितकी दाट, तितका ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतो. फट मोठी असेल तरीही तसंच. टर्बो इंजिनात ठिणगी पडते त्या क्षणी सिलिंडरमधला दाब साध्या इंजिनापेक्षा बराच जास्त असतो. कॉइलची क्षमता मात्र ठरलेली असते. साध्या इंजिनात १.० ते १.१ मिमी फट सुखाने चालते, तीच फट जोरदार बूस्टखाली कॉइलला पेलत नाही. मग ठिणगी पडतच नाही किंवा प्लगच्या बाहेरून, चिनी मातीच्या भागावरून पळवाट काढते. म्हणूनच गाडी आयडलला शांत असते, शहरात छान चालते आणि टॉर्क सर्वात जास्त असतो तिथेच अडखळते.

दुसरा बदल उष्णतेचा. जास्त हवा, जास्त इंधन, म्हणजे प्लगच्या टोकावर जास्त ताप. टोकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते. ते ८५० अंशांच्या आसपास किंवा त्यापलीकडे गेलं, तर ठिणगी पडायच्या आधीच लाल झालेलं टोक मिश्रण पेटवू शकतं. टर्बो इंजिनात हे पिस्टनच्या जिवावर बेततं.

२. मूळ प्लगचा पूर्ण नंबर मिळवा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा प्लग उत्पादकाच्या यादीत तुमच्या इंजिन कोडनुसार शोधा. फक्त मॉडेलचं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळी इंजिनं असतात. गाडी सेकंडहँड असेल तर आत बसलेला प्लग मूळचाच आहे असं धरून चालू नका.

नंबर वाचायला शिका. ट्यून केलेल्या गाड्यांमध्ये सर्रास दिसणारा एनजीके कंपनीचा बीकेआर७ई घ्या. ‘बीके’ म्हणजे १४ मिमी आटे आणि १६ मिमीचा पाना, ‘आर’ म्हणजे आत रेझिस्टर आहे, ‘७’ ही हीट रेंज, ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. पुढे ‘-११’ असेल तर फट १.१ मिमी, ‘-८’ असेल तर ०.८.

यातल्या चार गोष्टींत तडजोड नाही: आट्यांचा व्यास, आट्यांची लांबी, बसायची पद्धत म्हणजे वॉशर की उतरता टेपर, आणि रेझिस्टर. लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनला भिडू शकतो. कमी झाली तर हेडमधले (सिलिंडरवरच्या झाकणातले) रिकामे आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी योग्य प्लग बसत नाही. रेझिस्टर नसलेला रेसिंग प्लग ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि सेन्सरच्या सिग्नलमध्ये गोंधळ घालतो. आधुनिक गाडीत तो घालू नका.

३. हीट रेंज: किती थंड?

गरम प्लग आणि थंड प्लग यातला फरक ठिणगीत नसतो. आतल्या चिनी मातीच्या नाकाची लांबी वेगळी असते. नाक लांब असेल तर टोकाची उष्णता हेडपर्यंत पोचायला वेळ लागतो, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर ती पटकन निघून जाते, तो थंड प्लग. थंड प्लगने इंजिन थंड राहत नाही, फक्त प्लगचं टोक थंड राहतं.

नवख्यांना सगळ्यात मोठा सापळा आकड्यांचा आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमकं उलट, आकडा वाढला की प्लग गरम. शिवाय एनजीके आणि डेन्सोच्या आकड्यांची पट्टीही वेगळी आहे: एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०, ७ म्हणजे २२, ८ म्हणजे २४, ९ म्हणजे २७. कंपनी बदलत असाल तर तुलनेचा तक्ता उघडून बसा. अंदाजाने घेतलेला प्लग दोन पायऱ्या गरम निघाला, तर ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आता निवड. गाडी कंपनीतून आली तशीच असेल तर मूळ हीट रेंजच ठेवा. टर्बो गाडीचा मूळ प्लग कंपनीने टर्बो धरूनच निवडलेला असतो, तुम्हाला आणखी थंड करायचं कारण नाही. ताकद वाढवली असेल तर प्लग उत्पादकांचा ढोबळ नियम असा: मूळ ताकदीवर दर ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढीमागे एक पायरी थंड. एका पायरीने टोकाचं तापमान साधारण ७० ते १०० अंशांनी उतरतं. साध्या ट्यूनला एक पायरी पुरते. मोठा टर्बो, दीर्घकाळ ट्रॅकवरची धाव किंवा बूस्टमध्ये मोठी वाढ असेल तर दोन पायऱ्यांचा विचार करा, पण तो ट्यून करणाऱ्याला विचारूनच.

‘थंड म्हणजे सुरक्षित, मग अजून थंड घेऊ’ हा विचार रोजच्या गाडीला महागात पडतो. टोक ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही, काजळी साचते, विजेला काजळीतून वाट मिळते आणि थंड इंजिन सुरू होताना खोकायला लागतं. ज्या गाडीने ऑफिसला जायचं आणि महिन्यातून एकदा ट्रॅकवर, तिला एक पायरी थंड प्लग द्या आणि थांबा. हे माझं ठाम मत आहे.

४. निकेल, प्लॅटिनम की इरिडियम

ज्याला सगळे ‘कॉपर प्लग’ म्हणतात त्याचं टोक निकेल मिश्रधातूचं असतं. तांबं आत गाभ्यात असतं, आणि तसं ते महागड्या प्लगमध्येही असतं. निकेलचा मधला इलेक्ट्रोड सुमारे २.५ मिमी जाड असतो आणि लवकर झिजतो. इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिमी इतकं बारीक असतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते आणि बूस्टखाली कॉइलचं ओझं हलकं होतं. इरिडियमचा वितळणबिंदू २,४०० अंशांच्या वर आहे, म्हणून इतकं बारीक असूनही ते टिकतं.

सतत ट्यून बदलणारे, दर काही हजार किलोमीटरला प्लग काढून पाहणारे लोक निकेल वापरतात. स्वस्त असतो, फट बिनधास्त बदलता येते, खराब झाला की फेकायचा. रोजच्या वापराच्या गाडीला मी इरिडियमच सुचवेन. मात्र बनावट इरिडियम प्लग बाजारात भरपूर आहेत, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. छपाई पुसट, मधलं टोक मध्यावर नाही, वॉशर सहज निखळून हातात येतो, यातलं एक जरी दिसलं तरी पाकीट परत करा.

५. फट मोजा, प्रत्येक प्लगची

पाकिटावर ‘प्री-गॅप्ड’ लिहिलेलं असतं. तरीही मोजा. वाहतुकीत एखादा प्लग आपटलेला असतो आणि वरची पट्टी (मधल्या टोकासमोरचा वाकडा इलेक्ट्रोड) किंचित दबलेली असते. ते डोळ्यांना दिसत नाही, फीलर गेजला (ठरावीक जाडीच्या पात्यांचं मापक) लगेच कळतं.

मूळ अवस्थेतल्या गाडीला कंपनीने दिलेला आकडा, बहुतेक टर्बो गाड्यांत ०.७ ते ०.८ मिमी. ट्यून केलेल्या गाडीत ०.६५ ते ०.७ पासून सुरुवात करा. मोठ्या बूस्टला ०.५ ते ०.६. त्याखाली गेलात तर ठिणगी इतकी छोटी होते की आयडल खरबरीत होतं आणि हलक्या लोडवर मिश्रण नीट पेटत नाही. सूत्र असं की पूर्ण बूस्टवर मिसफायर (मिश्रण न पेटणं) होत नाही त्यातली सगळ्यात मोठी फट ठेवायची. ०.७ वर गचके येत असतील तर ०.६५ करा, पुन्हा चालवून बघा. एकदम ०.५ वर उडी नको.

इरिडियमची फट बदलताना हात जपून. नाण्यासारखं गोल, कडेला उतार असलेलं स्वस्त गेज मधल्या टोकावर टेकवून रेटतात, तसं कधीही करू नका. सुईसारखं टोक तुटतं किंवा चिनी मातीला केसाएवढा तडा जातो. वरची पट्टी पकडून वाकवणारं हत्यार मिळतं, तेच वापरा. मधल्या टोकाला कशाचाही स्पर्श नको. बरोबर फटीत फीलर गेजचं पान किंचित ओढ घेत सरकतं: सैल पडत नाही, अडकतही नाही.

फट ०.२ मिमीपेक्षा जास्त बदलावी लागत असेल तर प्लगच चुकीचा घेतलाय असं समजा. १.१ मिमीचा प्लग दाबून ०.७ वर आणला की पट्टी तिरकी बसते, दोन्ही पृष्ठभाग समांतर राहत नाहीत आणि ठिणगी एका कोपऱ्यावरच पडत राहते. ‘-८’ वाला प्रकार मिळत असताना ‘-११’ घेऊन ठोकत बसू नका.

६. हाताशी काय हवं

- गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल किंवा निदान टॉर्कचे, म्हणजे प्लग किती जोराने आवळायचा त्याचे, आकडे. ते कागदावर उतरवून समोर ठेवा.
- प्लग पाना. १६ मिमी सर्वात जास्त लागतो. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच इंजिनांना १४ मिमीचा, बारा कोनांचा, पातळ भिंतीचा पाना लागतो, साधा सॉकेट प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो तो खोल खळगा) उतरत नाही.
- एक्स्टेंशन, रॅचेट आणि लहान टप्प्याचा टॉर्क रेंच. चाकांसाठीचा मोठा टॉर्क रेंच इथे कामाचा नाही, खालच्या आकड्यांवर तो विश्वासार्ह नसतो.
- फीलर गेज, पट्टी वाकवायचं हत्यार, टॉर्च.
- हवेचा झोत देणारं काहीही, कंप्रेसर किंवा डबा.
- डायलेक्ट्रिक ग्रीस (वीज वाहू न देणारं), अगदी थोडं.
- प्लगच्या मागच्या टोकावर घट्ट बसेल असा रबरी नळीचा तुकडा. हा स्वस्त तुकडा हेड वाचवतो, कसं ते पुढे येईल.
- एरर कोड वाचणारा स्कॅनर.

७. जुने प्लग काढा

इंजिन पूर्ण थंड हवं. शक्यतो रात्रभर उभी राहिलेली गाडी घ्या. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि गरम असताना प्लग फिरवला तर आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. टर्बोचं आवरण तर इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतं.

इग्निशन बंद करा. वरचं प्लॅस्टिक कव्हर काढा. कॉइलच्या कनेक्टरची कुलपं उष्णतेने ठिसूळ झालेली असतात, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. कनेक्टर आधी किंचित आत ढकला, मग कुलूप दाबून बाहेर ओढा. कॉइलचा बोल्ट काढून ती थोडी डावी-उजवीकडे फिरवा म्हणजे चिकटलेलं रबर सुटतं, आणि सरळ वर ओढा. कॉइल कुठल्या सिलिंडरची ते चिठ्ठी लावून ठेवा.

आता पाना लावण्याआधी विहिरीत टॉर्च मारा. तळाला धूळ, खडे, वाळलेली पानं असतात. ती हवेने उडवून द्या, नाहीतर प्लग निघाला की सगळं सिलिंडरमध्ये जाईल. तळाशी तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळतंय. आधी तेल पुसून घ्या, आणि गॅस्केट यादीत टाका.

पाना सरळ बसवा, तिरका लागला तर चिनी माती तडकते. पहिली सैल होण्याची कुरकुर झाली की हाताने फिरवा. मधेच घट्ट लागायला लागलं तर जोर लावू नका. थोडं आत फिरवा, आट्यांवर भेदक तेलाचा थेंब सोडा, वाट बघा, परत बाहेर फिरवा. असं पुढे-मागे करत काढलेल्या प्लगने आटे शाबूत राहतात. एका वेळी एकच विहीर उघडी ठेवा किंवा बाकीच्या स्वच्छ कापडाने झाका.

८. जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि वाचा

ही पायरी घाईत उरकू नका. नवे प्लग काय सांगणार? जुने सांगतात.

फिकट तपकिरी किंवा राखाडी: सगळं ठीक. कोरडी काळी काजळी: मिश्रण जाडं, प्लग गरजेपेक्षा थंड किंवा फक्त छोट्या फेऱ्या. तेलाने ओला: पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोच्या सीलमधून तेल आत येतंय. पांढरंफटक नाक, त्यावर फोड, पट्टीच्या कडा वितळल्यासारख्या: प्लग फार गरम किंवा मिश्रण फार पातळ. बाकीचे तपकिरी असताना एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ: त्या सिलिंडरमध्ये कूलंट शिरतंय का ते तपासा.

भिंगाखाली नाक बघा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके किंवा चंदेरी बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम असू शकतं, म्हणजे इंजिन नॉक करतंय (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटतंय). अशा वेळी नवे प्लग बसवून बूस्टवर जाऊ नका. आधी ट्यून, इंधनाचा ऑक्टेन आणि इंटेकमधलं हवेचं तापमान यांचा निकाल लावा.

बाहेरच्या पांढऱ्या भागावरचे डागही वाचता येतात. षटकोनाच्या वर गोलाकार तपकिरी पट्टा दिसतो. लोक त्याला गॅस गळती समजून घाबरतात. तो उच्च व्होल्टेजभोवती हवेतले तेलकट कण चिकटून झालेला डाग असतो, त्याने काही बिघडत नाही. पण वरून खाली उभी काळी रेघ दिसली तर वीज तिथून पळत होती. त्या प्लगबरोबर त्या कॉइलचं रबरी बूटही बदला. रबरावर आतून तशीच रेघ उमटलेली असते, आणि जुनं बूट ठेवलंत तर नव्या प्लगवर तोच मार्ग पुन्हा तयार होईल.

प्लग बाहेर आहेतच, तर कम्प्रेशन टेस्ट याच वेळी करून टाका. विहिरी उघडायची अर्धी मेहनत झालेलीच असते.

९. नवे बसवा

खाली पडलेला प्लग वापरू नका, तडा आत असतो आणि दिसत नाही. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळी लावून तो विहिरीत सोडा. आधी उलटं, म्हणजे सैल करायच्या दिशेने हळू फिरवा. आट्यांची सुरुवात जुळली की बोटांना हलकी टिचकी जाणवते. तिथून सरळ फिरवायला लागा. आटे वाकडे धरले गेले तर नळी प्लगवरच घसरते, पाना मात्र तसाच आटे कापत आत जातो. म्हणून शेवटपर्यंत नळीनेच बसवा.

मग टॉर्क. मॅन्युअलचा आकडा हाच अंतिम. तो मिळतच नसेल तर अ‍ॅल्युमिनियम हेडसाठी साधारण मर्यादा अशा: १४ मिमी वॉशरवाला प्लग २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमी वॉशरवाला १५ ते २०, १४ मिमी टेपरवाला १० ते २०. टेपरवाला वॉशरवाल्याइतका आवळलात तर तो पुढच्या वेळी निघत नाही. सैल ठेवलेला प्लगही तितकाच घातक, कारण टोकाची उष्णता आटे आणि वॉशरमधूनच हेडमध्ये जाते. सैल प्लग तापतो, आणि मग थंड हीट रेंज निवडून काही उपयोग होत नाही.

आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावायचं का, यावर खूप वाद चालतात. आजच्या बहुतेक प्लगच्या आट्यांवर गंजरोधक मुलामा असतो आणि एनजीके ते लावू नका असंच सांगते. आटे निसरडे झाले की टॉर्क रेंच तोच आकडा दाखवतो, पण प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. लावू नका.

थेट इंधन फवारणीच्या काही इंजिनांत पट्टीचं तोंड कुठल्या दिशेला यावं हेही कंपनीने ठरवलेलं असतं. मॅन्युअलमध्ये तसा उल्लेख असेल तर तेवढी काळजी घ्या. उल्लेख नसेल तर यात वेळ घालवू नका.

कॉइलच्या बूटच्या तोंडाशी आतून ग्रीसचा पातळ थर द्या. धातूच्या स्प्रिंगवर ग्रीसचा गोळा नको. कॉइल सरळ दाबा, बोल्ट हलका आवळा, कनेक्टर ‘टक’ असा वाजेपर्यंत बसवा.

१०. सुरू करा, पण लगेच पाय दाबू नका

आधी आयडलला ऐका. ठोका चुकत असेल तर बहुतेक वेळा एखादा कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. स्कॅनरवर पी ०३०० हा कोड म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये मिसफायर, पी ०३०१ म्हणजे पहिल्या, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या. एकच सिलिंडर सतत दिसत असेल तर त्याची कॉइल शेजारच्याशी बदला. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचा. जागेवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कम्प्रेशन बघा.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमपासून हळूहळू लोड वाढवत न्या आणि मिसफायरचे आकडे स्कॅनरवर बघत राहा. हे रिकाम्या, सुरक्षित जागी किंवा डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायचं यंत्र) करा, आणि स्कॅनर बघायला शेजारी कुणीतरी बसवा.

बदललेल्या दिवशीचं किलोमीटर, प्लगचा नंबर आणि फट लिहून ठेवा. कंपनीने दिलेली मुदत मूळ बूस्टसाठी असते, ट्यून केलेल्या गाडीत ती निम्मी धरा. हीट रेंज किंवा ट्यून नव्याने बदलला असेल तर हजारेक किलोमीटरनंतर एक प्लग काढून नाक बघा आणि फट पुन्हा मोजा. पुढे मोजताना फट ठेवलेल्या आकड्यापेक्षा ०.१ मिमीने वाढलेली दिसली की एकट्याला नाही, सगळा संच एकदम बदला.